परस्थळ आणि राजीनामा

गोताचा निवाडा पक्षपाताच्या संशयानें निर्बल ठरूं शके, हें मसूरच्या पाटीलकीच्या कज्जावरून दिसतें. इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत बापाजी मुसलमान यानें, स्थानिक पंच नरसोजी जगदळ्यास अनुकूल होतील म्हणून, पैठणचें परस्थळ मागितलें. पातशहानें तें दिलें. पैठणकरांनींहि निवाडा बापाजीविरुद्धच केला. तेव्हां परस्थळ हें जय मिळविण्याचें नव्हे, संशय फेडण्याचें साधन होय. सभेपूर्वीं उभय वाद्यांकडून राजीनामा व जामीन घेत, तेंहि याच हेतूनें: मान्य केलेल्या पंचांविरुद्ध मागाहून तक्रार राहूं नये. १९९६ च्या लवाद कायद्यांतहि निःपक्षपातीपणाविषयींची रास्त शंका हें लवादास हरकत घेण्याचें कारण आहे. संग्राहकांनीं महजराबरोबर राजीनामा व जामीनकतबाहि जपावा. त्यांवांचून निवाड्याचें खरें बळ कळत नाहीं.