आत्मपर अनुबोधपट

अनुबोधपटाचा एक प्रकार. यात दिग्दर्शक स्वतःचे अथवा आपल्या निकटवर्तीयांचे जीवन चित्रित करतो. आजारपण, वार्धक्य, शरीराचा क्षय आणि स्मृतीचे जतन वा लोप हे त्याचे प्रमुख विषय होत. चित्रण करणारा व चित्रित होणारा यांच्यातील अंतर येथे जवळजवळ नाहीसे होते.

महाराष्ट्रात वास्तवचित्रणाचा प्रारंभ शरीराच्याच चित्रणाने झाला. पण ते निरोगी, बलदंड शरीर होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत एक कुस्ती चित्रित केली. पुढे १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या (२०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) अनुबोधपटांत रोग हा लोकशिक्षणाचा विषय ठरला. रोगी त्यांत दिसे. बोलत असे तो निवेदक. १९८० नंतर व्हिडिओ कॅमेरा सुलभ झाला आणि घरात, आजाऱ्याच्या खाटेजवळ, एकट्याने चित्रण करणे शक्य झाले.

मराठी जीवनाशी निगडित असे या परंपरेतील पहिले महत्त्वाचे उदाहरण म्हणजे रीना मोहन यांचा कमलाबाई (१९९२). काटेकोर अर्थाने तो आत्मपर नाही. कारण दिग्दर्शिका कुटुंबातील नव्हे. तथापि त्याचा गाभा स्मृती आणि थकलेले शरीर हाच आहे. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. मोहिनी भस्मासुर (१९१३) मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती व त्यांची कन्या कमला मोहिनी झाली. ही कमला म्हणजेच पुढील कमलाबाई गोखले. तो मूकपट आज उपलब्ध नाही. त्यामुळे नव्वदीकडे झुकलेल्या कमलाबाईंचे शरीर व त्यांची आठवण हाच त्या अभिनयाचा उरलेला पुरावा ठरतो. रंगभूमीवरील जुनी भाषणे त्या म्हणू लागल्या की नटी जागी होते; आणि क्षणात पुन्हा म्हातारी समोर येते. स्मृतीतील तपशील कितपत खरे, हा प्रश्न दिग्दर्शिकेने सोडविण्याचा आग्रह धरलेला नाही, आणि ते योग्यच झाले.

आनंद पटवर्धन (१९५०–) यांचा वसुधैव कुटुंबकम (२०२३) हा मात्र खऱ्या अर्थाने आत्मपर होय. राजकीय अनुबोधपटांसाठी ख्यातनाम असलेल्या या दिग्दर्शकाने वृद्ध होत चाललेल्या आईवडिलांचे चित्रण आरंभी केवळ आठवणी जपण्यासाठी केले; चित्रपट सिद्ध झाला तो दोघांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी. आई निर्मला या सिंधमधून आलेल्या कुंभकलावंत, तर वडील स्वातंत्र्यसैनिक रावसाहेब व अच्युतराव पटवर्धन या अहमदनगरच्या बंधूंचे धाकटे भाऊ. घरगुती गप्पांतून स्वातंत्र्यलढा व फाळणी यांचा इतिहास उलगडत जातो आणि त्याच वेळी सांगणाऱ्यांचा देह क्षीण होताना दिसतो. ज्यांच्या स्मृतीवर इतिहास अवलंबून आहे ती माणसे डोळ्यांदेखत निघून चालली आहेत, ही जाणीव येथे कोणत्याही भाष्याविना होते.

स्वतःच्या रोगावरील चित्रपट मात्र मराठीत विरळाच. लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे पासून आत्मकथनाची समृद्ध परंपरा असलेल्या भाषेत ही उणीव ठळकपणे जाणवते. शब्दांत सांगता येते ते दुखणे कॅमेऱ्यासमोर उघडे करण्यास मध्यमवर्गीय संकोच आड येत असावा. पाश्चात्त्य देशांत एड्सच्या साथीने हा संकोच मोडला. टॉम जॉस्लिन याने सिल्व्हरलेक लाइफ (१९९३) मध्ये स्वतःचा व आपल्या सहचराचा अखेरचा काळ चित्रित केला. त्याच्या मृत्यूनंतर पीटर फ्रीडमन या शिष्याने तो पूर्ण केला. दृष्टी गमावत चाललेल्या डेरेक जार्मनच्या ब्लू (१९९३) मध्ये पडदा अखेरपर्यंत केवळ निळा राहतो व शरीर ऐकूच येते. मराठीत हा विषय कथापटाने अधिक धीटपणे हाताळला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या अस्तु (२०१३) मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका मोहन आगाशे यांनी केली. ते स्वतः मनोविकारतज्ञ आहेत.