छाती उघडायची की स्प्रिंग टाकायची?

आमच्या पारनेर तालुक्यात स्टेंटला फारसं कुणी स्टेंट म्हणत नाही. ‘स्प्रिंग टाकली’ म्हणतात. बायपासला मात्र बायपासच म्हणतात, तेही आवाज जरा खाली घेऊन. स्प्रिंगवाला दोन दिवसांत घरी येतो, बायपासवाल्याची छाती उघडतात. त्यामुळे पहिलं आधुनिक आणि दुसरं जुनाट, असा समज माझ्या वयाच्या पोरांतही आहे. खरं तर दोन्ही उपचारांच्या जन्मात जेमतेम दहा वर्षांचं अंतर आहे.

बायपासची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती एका खेड्यातल्या डॉक्टरची आहे. रेने फावालोरो अर्जेंटिनाचा. १९५० ते १९६२ अशी बारा वर्षं तो हासिंतो आराउस नावाच्या कोरडवाहू मुलखातल्या गावात पडेल तो आजार बघत होता. मग अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकला गेला. तिथं मेसन सोन्स यांना १९५८ मध्ये हृदयाच्या धमन्यांत डाय सोडून त्यांचं चित्र घेण्याची वाट सापडली होती. अडथळा नेमका कुठं आहे हे डोळ्यांना दिसायला लागलं होतं. फावालोरो त्या फिल्म तासन्‌तास बघत बसायचा. मे १९६७ मध्ये त्यानं पायातली शीर काढून तुंबलेल्या भागाला वळसा घालून दिला. (लेनिनग्राडला कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच छातीतली धमनी हृदयाला जोडली होती, पण पश्चिमेनं तिकडं फारसं लक्ष दिलं नाही.)

फुग्याची गोष्ट झुरिकची. अँड्रियास ग्रुंटझिग घरच्या स्वयंपाकघरात टेबलावर फुगे जुळवत बसायचा. १६ सप्टेंबर १९७७ ला त्यानं ३८ वर्षांच्या, जाग्या असलेल्या रुग्णाची धमनी फुग्यानं मोकळी केली. पण फुगा काढला की बऱ्याच जणांची धमनी काही महिन्यांत पुन्हा आकसायची. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिगवार्ट यांनी आत धातूची जाळीच ठेवून दिली. जाळीतूनही पेशी वाढायला लागल्या, तेव्हा जाळीवर औषधाचा लेप आला. पॅचवर पॅच. आमच्या धंद्यातही असंच चालतं.

भारतात पहिली बायपास १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये के. एम. चेरियन यांनी केली. मराठी घरांत हा शब्द पोचवण्यात मुंबईच्या डॉ. नीतू मांडके यांचा वाटा मोठा. २००३ मध्ये ते स्वतः हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. आणि दोन्ही उपचार एकाच शरीरात बघायचे तर मनमोहन सिंग : १९९० ला बायपास, २००४ ला अँजिओप्लास्टी, आणि २४ जानेवारी २००९ ला पुन्हा बायपास. ती करायला मुंबईहून डॉ. रमाकांत पांडा दिल्लीला, एम्समध्ये गेले होते. त्यानंतर सिंग जवळजवळ सोळा वर्षं जगले.

मग चांगलं काय? ठिबकची नळी डोळ्यांपुढे आणा. एकाच जागी क्षार साचले असतील तर तेवढी जागा मोकळी केली की झालं. नळी जागोजागी धरत आली असेल तर आज एक जागा साफ कराल, वर्षभरानं दुसरी तुंबेल. बायपासमध्ये नवी नळी अडथळ्यांच्या पलीकडं जोडतात. अलीकडं पुढं आणखी काही तुंबलं तरी पलीकडं पाणी जात राहतं. मधुमेहात धमन्या बहुधा अशाच, लांबवर खराब होतात. २०१२ मध्ये आलेल्या ‘फ्रीडम’ चाचणीत एकापेक्षा जास्त धमन्या तुंबलेले १,९०० मधुमेही होते. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी १६.३ टक्के दगावले, बायपासवाल्यांपैकी १०.९. पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त : ५.२ टक्के, स्टेंटमध्ये २.४. फुकट काहीच नाही. झटका चालू असताना हा वाद घालत बसायचं नसतं, तिथं बहुतेक वेळा लगेच स्टेंटच. उलट दुखणं स्थिर असेल तर २००७ च्या ‘करेज’ चाचणीत नुसत्या औषधांच्या तुलनेत स्टेंटनं मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. स्टेंट बसवून आलेल्या माणसाला हे सांगून बघा, तो तुमच्याकडं संशयानं बघेल.

पैशाचा इतिहास वेगळाच. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी तोच लाखाच्या वर जायचा. राज्याची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नगर नव्हतं. आपल्याकडं ती नोव्हेंबर २०१३ ला आली, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. त्याआधी पारनेरच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं बायपास म्हणजे जमिनीचा तुकडा, असाच हिशेब केलेला असणार.

माझे चुलते, नाना, साखरेचे जुने रुग्ण. तीन धमन्या तुंबलेल्या. डॉक्टरांनी बायपास सुचवली, तर नाना म्हणाले, “स्प्रिंगवर भागवा की.” मी मोबाईलवर फ्रीडमचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचले आणि विचारलं, “हाड जुळायला किती दिवस?”

दोन-तीन महिने जड उचलायचं नाही, मी म्हणालो.

“म्हंजी कांदा काढायला मी नाही.”

हा प्रश्न त्या चाचणीत कुणी मोजलेला नव्हता. त्या वर्षी कांदा चुलतभावानं मजूर लावून काढला. नाना बांधावर खुर्ची टाकून बसले होते, छातीला पट्टा बांधून, आणि प्रत्येक गोणीवरून कुणाला तरी बोलत होते.