खिन्न मन आणि सुईचा प्रवास

१६५१ च्या मे महिन्यात चीनहून निघालेले एक पोलिश धर्मगुरू गोव्याच्या बंदरात उतरले. येशूसंघाच्या या मिशनऱ्याचे नाव मिखाल बोईम. मिंग राजघराण्यातील राजमातेने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारून हेलेना हे नाव धारण केले होते. तिची पत्रे घेऊन ते पोपमहोदयांच्या भेटीस निघाले होते. मांचूंपुढे हरत चाललेल्या मिंग घराण्याची बाजू घेण्यास पोर्तुगीज सत्ता तयार नव्हती. तिने बोईम यांना गोव्यातच अडकवून ठेवले. ते तेथून निसटले आणि हैदराबाद, सुरत, इराण अशी मजल दरमजल करीत अखेर व्हेनिसला पोहोचले.

बोईम यांना चिनी वैद्यकाची विलक्षण ओढ होती. १६५९ मध्ये चीनच्या सीमेवर त्यांचा अंत झाला. पण त्यांनी जमवलेले वैद्यकविषयक लेखन बटाव्हियातील डच कंपनीचे डॉक्टर आंद्रेआस क्लायर यांच्या हाती पडले. १६८२ मध्ये फ्रँकफुर्ट येथे क्लायर यांच्या नावे एक लॅटिन ग्रंथ निघाला. नाडीपरीक्षेची चिनी पद्धत आणि शरीरातील वाहिन्यांच्या आकृत्या त्यात होत्या. त्यातील मोठा भाग बोईम यांच्या परिश्रमाचा, पण श्रेय मात्र दुसऱ्याचे! पुढच्याच वर्षी डच वैद्य विलेम टेन ऱ्हाइन यांनी लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुईच्या या उपचाराला लॅटिन नाव दिले. त्यावरूनच आजचा ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द आला.

मनाच्या खिन्नतेशी या सुईचा संबंध कसा आला? चौदाव्या शतकातील चिनी वैद्य झू दान्शी यांनी ‘यू’ नावाच्या विकाराची मांडणी केली. यू म्हणजे कोंडणे, तुंबणे. देहातील प्राणशक्तीचा प्रवाह अडला की माणूस उदास होतो, त्याचे अन्न तुटते, झोप उडते, असे ते वैद्यक मानी. सुई टोचायची ती हा अडलेला प्रवाह मोकळा करण्यासाठी. युरोपातील वैद्य त्याच खिन्नतेचे खापर शरीरातील काळ्या पित्तावर फोडीत. आपल्या ख्रिस्ती परंपरेतही चौथ्या शतकातील वैरागी इव्हाग्रिअस यांनी एकांतवासी साधकाला भर दुपारी ग्रासणाऱ्या विषण्णतेचे बारकाईने वर्णन केले आहे. पुढे मात्र तिची गणना आळस या पापात होऊ लागली आणि आजारी माणसावर दोषी असल्याचा शिक्का बसण्याचा धोका निर्माण झाला.

फ्रान्समध्ये डॉ. लुई बेर्लिओझ यांनी १८१० मध्ये सुईचा प्रयोग केला, तो एका तरुणीवर. तिच्या दुखण्याला त्या काळी ‘मज्जातंतूंचा ताप’ म्हणत. आपले अनुभव त्यांनी १८१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मृतांसाठीच्या मिस्सेचे भव्य संगीत रचणारे एक्तोर बेर्लिओझ हे त्यांचेच पुत्र. फ्रान्समध्ये सुईची काही वर्षे चलती झाली, आणि त्याच सुमारास खुद्द चीनमध्ये तिला उतरती कळा लागली. १८२२ मध्ये सम्राटाच्या आज्ञेने शाही वैद्यक संस्थेतून हे शास्त्र वगळण्यात आले. विसाव्या शतकात साम्यवादी राजवटीने त्याचे पुनरुज्जीवन केले.

भारतात ही विद्या आली ती एका जुन्या मैत्रीच्या धाग्याने. १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसने युद्धग्रस्त चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ही उपचारपद्धती सुरू केली.

एवढा प्रवास करून आलेली सुई नैराश्य बरे करते काय? २०१३ मध्ये इंग्लंडमधील ७५५ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत काहींना ॲक्युपंक्चर, तर काहींना समुपदेशन देण्यात आले. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा हे दोन्ही गट तीन महिन्यांनी अधिक सुधारले. पण त्या दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २०१८ मध्ये अशा ६४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. काही लाभ होत असावा, परंतु पुरावा दुबळा आहे, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे सुईने थोडा आधार मिळू शकेल. तो किती सुईचा आणि किती रुग्णाजवळ बसून त्याची विचारपूस करणाऱ्या माणसाचा, हे अद्याप उलगडलेले नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, ॲक्युपंक्चर घ्यायचेच असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञाच्या औषधांच्या जोडीने, त्यांना सांगून, प्रशिक्षित माणसाकडून आणि निर्जंतुक सुयांनीच घ्यावे. चालू गोळ्या एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. आणि जगणे नको असे कोणी बोलू लागले, तर सुई, नवस वा उपदेश यांत वेळ न दवडता त्याला तडक डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. घरातील लेक, सून वा कर्ता पुरुष महिनोन् महिने उदास असेल, तर ‘प्रार्थना कमी पडते’ असे म्हणून आपण त्याच्या दुःखात अपराधाची भर घालतो. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मानसिक विकारामुळे आत्महत्या करणाऱ्याचीही जबाबदारी कमी होते, असे मान्य केले आहे. ख्रिस्तसभा मृतांबाबत एवढी करुणा दाखवते, तर आपल्यातील जिवंत, खचलेल्या माणसाशी बोलताना आपली जीभ कठोर का व्हावी? प्रवक्ता सिराखने प्रार्थनेबरोबरच वैद्यालाही जागा देण्यास सांगितले आहे. रोजरीची माळ आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच घरात सुखाने नांदू शकतात.