ओळख वाढत गेली

जुन्या करारातील कठोर परमेश्वर आणि येशूने दाखविलेला दयाळू पिता हे दोघे एकच कसे, हा प्रश्न जुनाच आहे. इ. स. १४४ च्या सुमारास मार्सियनने रोममध्ये ते दोन वेगळे देव ठरविले व जुना करार नाकारला. ख्रिस्तसभेने मार्सियनला बहिष्कृत केले आणि जुना करार जपला.

परमेश्वर तोच होता. त्याला ओळखणारी माणसे हळूहळू घडत होती. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायातील प्राचीन गीत देवांमध्ये परमेश्वरासारखा कोण, असे विचारते; इतर देव नाहीतच, असे तेथे म्हटलेले नाही. पुढे इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. राष्ट्र हरले की त्याचा देवही हरला, अशी त्या काळची समजूत. परंतु हद्दपारीतच यशयाच्या ग्रंथातील ४० ते ५५ या अध्यायांतून घोषणा झाली : देव एकच, आणि बाबिलोन जिंकणारा इराणचा राजा कोरेशही त्याचाच अभिषिक्त!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘देई व्हेर्बुम’मध्ये जुन्या ग्रंथांत काही अपूर्ण व तात्कालिक आहे हे मान्य केले आणि त्यांतून परमेश्वराची शिकविण्याची रीत दिसते, असे सांगितले. म्हणून यहोशवाच्या पुस्तकातील संहार वाचून मुलांनी प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प करू नये. ती वाट पुढे क्रुसापर्यंत गेली, हे त्यांना दाखवावे. त्या उताऱ्यांच्या आधारे सूडाचे समर्थन करणारा ख्रिस्ती माणूस त्याच वाटेने उलटा चालतो.