फी माफ झाली, जेवायचं कुठे?

फी भरता आली नाही म्हणून कॉलेज सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. जेवणाचं जमेना म्हणून सोडणारी त्याहून जास्त पाहिली. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे होतं. ई.बी.सी.चे म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फीमाफीचे फॉर्म, भारत सरकार शिष्यवृत्तीचे फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, बोनाफाईड, सगळं माझ्या हातांखालून जायचं. कागद पुरे व्हायचे, फी माफ व्हायची, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरगा दिसेनासा व्हायचा. त्याच्या गावच्या मुलाला विचारलं की उत्तर ठरलेलं असे: ‘मॅडम, खोलीभाडं आणि खाणावळ झेपंना त्याला.’

त्या उत्तराने मला आपल्याकडच्या विद्यार्थी-मदतीचा इतिहास वाचायला लावलं. वाचत गेले तसं दिसत गेलं की ज्यांनी गरिबाच्या पोरांना खरोखर शिकवलं, त्यांनी आधी त्यांच्या जेवणाचा प्रश्न सोडवला.

सगळ्यांत जुनी सोय म्हणजे वार लावून जेवणं. कोकणातला किंवा घाटावरचा गरीब ब्राह्मणाचा मुलगा पुण्याला शिकायला आला की ओळखीपाळखीने सात घरं धरायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी झोळी घेऊन माधुकरी मागायची, तीही नाही मिळाली तर उपाशी निजायचं. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह, तिथली सुरुवातीची मुलंही माधुकरीवरच शिकली. दुसऱ्याच्या पोरासाठी रोज एक पान जास्त मांडणाऱ्या त्या घरांतल्या बायकांची नोंद कुठल्याही अहवालात सापडत नाही. मला त्या पहिल्या देणगीदार वाटतात.

पण ही सोय जातीच्या कुंपणाआतली होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराने शहरात सात घरं कुठली शोधायची? जेवणाचं पान जातीवर ठरत होतं, म्हणून शाळेचं दारही शेवटी जातीवरच ठरायचं. कायद्याने शाळा सगळ्यांना उघडी असली, तरी खेड्यातल्या पोराला तिच्यापर्यंत पोचून वर्षभर टिकता येत नव्हतं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी नेमकं हेच ओळखलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि मग एकामागून एक बोर्डिंगं उभी राहत गेली: जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, पांचाळ, सारस्वत. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क होस्टेल झालं. मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये जी संस्था निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतलं. आजही दसरा चौकात उभं राहिलं तर यातली काही बोर्डिंगं नजरेच्या टप्प्यात येतात. जातवार बोर्डिंगं कशाला, हा प्रश्न आज कुणीही विचारील आणि तो रास्तच आहे. त्या काळी एका पंगतीला बसायला लोक तयार नव्हते. दरबाराने जागा आणि अनुदान द्यायचं, उरलेला भार त्या त्या समाजाने उचलायचा, अशी घडी महाराजांनी बसवली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम त्यांनी १९१७ मध्ये काढला. बोर्डिंगं त्याच्याआधी सोळा वर्षं सुरू झाली होती. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा मुलगा राहत होता. चरित्रकार सांगतात की मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटनाला जाऊन आल्यावर त्याला शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितलं. त्याने ती केली नाही, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे या माणसाने जे बोर्डिंग काढलं त्यात जातवार पंगतच ठेवली नाही.

४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, धनिणीच्या बागेत ते नांदलं, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. मराठा, महार, मुसलमान, जैन, रामोशी, सगळ्यांची पोरं एकत्र स्वयंपाक करत आणि एकत्र जेवत. गावोगाव मूठमूठ धान्य मागून कोठी भरायची. भाऊराव बाहेरगावी हिंडत असायचे आणि कोठी रिकामी झाली की सगळं लक्ष्मीबाईंवर यायचं. त्या सोवळंओवळं पाळणाऱ्या जैन घरातल्या. लग्नात आलेले दागिने एकेक करत मोडले, आणि एका वेळी पोरांना उपाशी निजवायचं नाही म्हणून मंगळसूत्रही दिलं. ही हकीकत आमच्या भागात लहान मुलालाही पाठ असते. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांनी मोडलेल्या सोन्यावर शिकलेल्या पोरांतून पुढे वकील, मास्तर, कलेक्टर निघाले. संस्थेचा इतिहास सांगताना लक्ष्मीबाईंना एका परिच्छेदात उरकणाऱ्या वक्त्यांचा मला राग येतो, तो मी लपवत नाही.

रयतचं साताऱ्यातलं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये निघालं. तिथे ‘कमवा आणि शिका’ होतं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पन्नासच्या दशकात तिथे शिकले. सकाळी शेतात कुदळ, दुपारी तास, संध्याकाळी पुन्हा काम, मग कंदिलाशी अभ्यास. त्यांच्या तळहाताचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. भाऊरावांना ते अण्णा म्हणत. ते म्हणायचे, ‘अण्णांनी आम्हाला फुकट घातलं न्हाई, म्हणून कुणापुढं मान खाली घालायची पाळी आली न्हाई.’ दादांचं हे म्हणणं मला पूर्ण पटत होतं असं नाही. विज्ञान शाखेच्या मुलीने प्रॅक्टिकलं करून वर चार तास अंगमेहनत करावी, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पण त्या कॉलेजात मुलाला राहायला आणि जेवायला मिळेल, याची हमी आधी होती. बाकीचं नंतर.

डॉ. आंबेडकरांच्या बाबतीतही हेच दिसतं. त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड मिळाले, तीन वर्षं. तो पैसा तिथे जगण्यासाठीही होता, म्हणून त्याचा उपयोग झाला. पुढे लंडनला मात्र त्यांनी अर्धपोटी दिवस काढले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढताना त्यांनी वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलाला पगार सोडावा लागू नये. औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजला जोडून वसतिगृहं उभारली. ज्याने भूक सोसली होती त्याने वेळापत्रकही भुकेचा विचार करून आखलं.

मग ई.बी.सी. आली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी सरकारने उचलली. जात न विचारता. या एका निर्णयाने खेड्यांतली किती घरं पहिल्यांदा पदवीधर झाली, ते माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या पालकांकडे बघून कळायचं. त्यांचे भाऊ, चुलते ई.बी.सी.वर शिकलेले असत. तेव्हा फी हाच मोठा अडसर होता आणि तो दूर झाला. पण राहण्याजेवणाचा खर्च घरावरच राहिला.

तो खर्च आमच्याकडे एस.टी.ने उचलला, असं म्हटलं तर कुणाला आश्चर्य वाटेल. १ जून १९४८ ला पहिली पुणे-अहमदनगर गाडी सुटली, आणि पुढे रस्ते होत गेले तशी एस.टी. वाडीवस्तीपर्यंत गेली. पासाच्या सवलतीमुळे पोरं रोज ये-जा करू लागली. ज्यांना रोज येणं शक्य नव्हतं त्यांचा डबा यायचा. आई पहाटे भाकरी थापून सातच्या गाडीला डबा द्यायची. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बॉनेटवर डब्यांची रांग लागायची, प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव. स्टँडवर पोरं गाडीची वाट बघत उभी. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. ड्रायव्हर-कंडक्टर त्याचे पैसे घेत नसत. खिशात पैसे नसलेल्या पोराचं जेवण वर्षानुवर्षं असं चाललं, आणि कुठल्याच योजनेत त्याचं नाव नाही.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एस.टी.चा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी खरी होती. पण डबे थांबले. करोनाने आधीच खचलेली घरं, त्यात वडापचं, म्हणजे खाजगी जीपचं, भाडं रोजचं. त्या वर्षी आमच्या पटावरची कितीतरी नावं परीक्षेचा फॉर्म भरायला आलीच नाहीत. सगळ्यांची फी माफ होती.

२०१६-१७ पासून सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. ही फोड मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मनापासून बरं वाटलं, कारण जेवणाची रक्कम सर्वांत मोठी होती. पण सुरुवातीला ती मोठी शहरं आणि जिल्ह्याच्या ठिकाणांपुरतीच होती. तालुक्याची गावं नंतर आली. पैसे हप्त्यांनी मिळतात, आणि खाणावळवाल्या मावशींना महिन्याचे पैसे आगाऊ लागतात. त्यांचाही गॅस उधारीवर येत नाही.

म्हणून निवृत्तीनंतर मी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एकच मागणी लावून धरली आहे: कॉलेजच्या आवारात स्वयंपाकघर, दोन वेळचं जेवण, पैसे जमतील तेव्हा द्यायचे, नसतील तर वाढपात आणि भांड्यांत हातभार लावायचा. जागा मिळाली आहे. दोन गावांनी सुगीला ज्वारी द्यायचं कबूल केलं आहे. आता आचारी आणि गॅसच्या जोडणीचं बघायचं आहे.