वलवणहून वळिवड्याला

वलवण धरणाच्या भिंतीपाशी तुम्ही उभे आहात. साल १९४३, पावसाची झड लागलेली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग अजून कुणाच्या स्वप्नातही नाही. तळ्याचं पाणी मात्र खाली खोपोलीला टाटांच्या वीजघरात जातंय.

चिखल तुडवत तुम्ही लोणावळा स्टेशन गाठता. घाट चढून आलेली मुंबईची गाडी फलाटावर उभी आहे. एका डब्यात गोऱ्या बायका आणि पोरं. साहेबाच्या मडमा नव्हेत या. अंगावरचे कपडे दुसऱ्यांच्या मापाचे. एक मुलगी पावाचा उरलेला तुकडा गुपचूप फ्रॉकच्या खिशात घालते. पुढच्या जेवणावर तिचा अजून भरवसा बसलेला नाही.

चढा त्यांच्यासोबत. ही पूर्व पोलंडची माणसं. १९४० मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी रात्री दारं ठोठावली, गुरांच्या वाघिणींत कोंबून सैबेरियाकडे नेलं. १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर सुटका झाली, मग इराण, कराची आणि आता हा घाट. बाप्ये पोलिश जनरल अँडर्सच्या सैन्यात, नाहीतर वाटेतच पुरलेले.

पुण्यात मीटरगेजची गाडी धरायची, मिरजेवरून कोल्हापूर. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना. सुमारे ५,००० माणसांचं हे गाव. खर्च पोलंडच्या परागंदा सरकारचा, भूमी कोल्हापूर संस्थानची. याच वर्षी बंगालात लाखो लोक भुकेने मरताहेत, देश पारतंत्र्यात आहे; तरी या पोरांना इथे जागा मिळाली. मला याचा फार अभिमान वाटतो.

युद्ध संपतं, पण त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली. परतायचं कुठे? १९४८ पर्यंत छावणी रिकामी होते; बरेचजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाची वाट धरतात. जिथे जिवाला धोका आहे तिथे शरणार्थ्याला परत धाडू नये, हे १९५१ च्या जिनिव्हा करारात लिहिलं जातं, ते अशांचे हाल पाहूनच.

आता मार्च २०२५. तुम्ही पोलंड-बेलारूस सीमेवरच्या जंगलात आहात. साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण, पलीकडे सीरियाची, अफगाणिस्तानची माणसं. बेलारूस त्यांना मुद्दाम पुढे ढकलतो, हे खरं. पण पोलंडने इथे आश्रयाचे अर्ज घेणंच थांबवलंय. एकटी मुलं, गरोदर बायका, आजारी यांना सूट आहे. डब्यातल्या त्या मुलीचा विशीतला धडधाकट भाऊ इथे आला असता, तर नुसता अर्ज घ्या म्हणून झगडला असता. २०२२ मध्ये युक्रेनमधून लाखो लोक आले, तेव्हा याच देशाने स्वतःच्या घरांत त्यांना ठेवून घेतलं होतं. म्हणजे दार उघडता येतं. कुणासाठी उघडायचं, एवढंच इथे ठरवलं जातंय.

वळिवड्याची ती मुलं २०१९ मध्ये म्हातारी होऊन कोल्हापूरला आली होती. अर्ज थांबवण्याचा कायदा करणाऱ्यांनी आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं.