बाळाची जन्मतारीख आणि कायद्याचं व्हर्जन

ग्रीनकार्ड, मग अमेरिकन पासपोर्ट, मग पुण्याला परत. आयटीवाल्यांना हा प्रवास आता नवा नाही. पण बाळ पुण्यात जन्मलं तर ते अमेरिकन का? 'आई किंवा बाबा अमेरिकन, म्हणजे बाळही अमेरिकन', असं आपण ठोकून देतो. कायदा इतका साधा नाही, कधी नव्हताच.

सुरुवात १७९० च्या कायद्यापासून. नागरिकांची परदेशात जन्मलेली मुलंही नागरिक, पण बाप कधी अमेरिकेत राहिलेलाच नसेल तर नाही. याच कायद्यानं बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना नागरिक होण्याची मुभा दिली. त्याच अटीवर बोट ठेवून १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टानं भारतीयांना दार बंद केलं. ते उघडलं १९४६ मध्ये.

आणि आई? बाप परदेशी असेल तर आईच्या नागरिकत्वाला किंमतच नव्हती! हा अन्याय दूर झाला २४ मे १९३४ ला, तोही दुपारी बारा वाजल्यापासून पुढे जन्मलेल्यांसाठी. सकाळी अकराला जन्मलेलं बाळ परकं, एकला जन्मलेलं अमेरिकन. राहून गेलेल्यांना संसदेनं मागच्या तारखेपासून हक्क दिला, पण तो १९९४ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी. तोवर ती 'बाळं' साठी ओलांडून गेलेली.

आता आपल्या कामाचं. आईबाबा दोघंही अमेरिकन नागरिक असतील, तर बाळाच्या जन्माआधी एकजण तिथे राहिलेला असला की पुरतं. पण जोडीदार भारतीय नागरिक असेल तर दिवस मोजतात. १९५२ च्या कायद्यात अट होती अमेरिकेत दहा वर्षं काढल्याची, त्यातली पाच वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. १४ नोव्हेंबर १९८६ पासून ती पाच आणि दोन वर्षांवर आली. समजा, एकजण पंचविशीत गेला, आठ वर्षांत नागरिक होऊन परतला आणि इथल्या मुलीशी लग्न केलं. मोठी मुलगी १९८५ ची, धाकटा १९८७ चा. धाकटा जन्मतःच अमेरिकन, मोठी नाही. घर एक, आईबाप तेच, फक्त व्हर्जन वेगळं. आणि १९८६ चा बदल मागच्या तारखेपासून लागू झालाच नाही.

यात जन्मानं अमेरिकन आणि नंतर झालेला अमेरिकन असा भेदभाव मात्र नाही. मोजणी दोघांची सारखीच, आणि नागरिक होण्याआधीचे, अगदी विद्यार्थी व्हिसावरचे दिवसही धरतात. फक्त ते सिद्ध करता आले पाहिजेत. तेव्हा मंडळी, परत येताना सामान कमी करायच्या नादात जुने पासपोर्ट, मार्कशीट आणि पगाराच्या स्लिपा रद्दीत घालू नका. बाळ अजून जन्मलेलं नसलं, तरी त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा त्याच कागदांत आहे.